क्षमा झाली, मग धुवायचे काय उरले?



नोव्हेंबर महिना जवळ आला की आपल्या धर्मग्रामात एक वेगळीच लगबग सुरू होते. पावसाळाभर कबरींवर माजलेले गवत उपटायचे, क्रूस घासून पुसून घ्यायचा, विटांच्या कडेला चुना लावायचा, फुलांचे आणि मेणबत्त्यांचे बघायचे. २ तारखेला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, फादर दफनभूमीत मिस्सा अर्पण करतात, कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात, आणि अंधार पडेपर्यंत ती सगळी जागा दिव्यांनी उजळून निघते. एरवी आठ-आठ महिने एकमेकांच्या उंबऱ्याला पाय न लावणारी माणसेही त्या संध्याकाळी एका रांगेत उभी असतात.

यंदा गवत उपटायला दृढीकरण संस्काराच्या वर्गातली काही मुले मदतीला आली होती. काम करता करता त्यांतल्या एकाने मला विचारले, "काका, मेलेल्या माणसांसाठी आपण प्रार्थना का करतो?" मी म्हणालो, "त्यांची शुद्धी व्हावी म्हणून." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण त्यांनी मरायच्या आधी पापनिवेदन केलं होतं ना? फादरनी क्षमा दिली होती ना? मग आता धुवायचं काय उरलंय? देव सावकारासारखा आहे का? मुद्दल माफ करायचं आणि व्याज वसूल करायचं?"

बाकीची मुले हसली. मीही हसलो, आणि उत्तर देण्याचे टाळून त्याला पाण्याची बालदी आणायला पाठवले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. पोराने विचारले त्यात चूक काहीच नव्हती. बहुतेकांच्या मनात हा प्रश्न असतो, पण वय वाढले की विचारायची लाज वाटते. त्याला द्यायचे उत्तर आज इथे लिहितो आहे. पत्रिका वाचायला मिळाली तर त्याने वाचावी.

शुद्धिस्थानाविषयी आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात जे चित्र आहे ते ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतून आलेले नाही. ते जुन्या तसबिरींतून आलेले आहे. खाली ज्वाळा, ज्वाळांत कमरेपर्यंत बुडालेली माणसे, वर हात केलेले, आणि ढगांत पवित्र मरिया. लहानपणी अशी तसबीर पाहिलेल्या माणसाला शुद्धिस्थान म्हणजे थोड्या मुदतीचा नरक वाटला तर नवल नाही. प्रत्यक्षात ख्रिस्तसभेने या बाबतीत अगदी मोजके बोलून ठेवले आहे. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने आणि १५६३ साली त्रेंतच्या परिषदेने एवढेच ठरवून सांगितले की देवाच्या मैत्रीत मरण पावलेल्या, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेल्या आत्म्यांची शुद्धी होते, आणि आपल्या प्रार्थनांचा, विशेषतः मिस्साबलिदानाचा, त्यांना उपयोग होतो. उलट त्रेंतच्या परिषदेने बिशपांना बजावले होते की सामान्य भाविकांपुढील प्रवचनांत या विषयातले अवघड आणि बारीकसारीक वाद आणू नयेत, आणि कुतूहल चाळवणारे, अंधश्रद्धा वाढवणारे किंवा पैशाच्या लोभाचे काही चालू देऊ नये. साडेचारशे वर्षांपूर्वीची ही सूचना आपण सर्वांनी पाळली असती तर किती बरे झाले असते!

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. देव सावकार नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की पापाचे जे परिणाम क्षमेनंतरही मागे राहतात त्यांना देवाने बाहेरून उगवलेला सूड समजू नये. ते पापाच्या स्वभावातूनच निघतात. त्याच ग्रंथात दुसरीकडे असेही सांगितले आहे की पापक्षमेने पाप जाते, पण पापाने केलेली सगळी मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. उदाहरणच घ्या. दारूच्या पायी घराची धूळधाण करणारा एक गृहस्थ खरोखर पश्चात्ताप करतो. प्रायश्चित्त संस्कार घेतो, बायकोचे पाय धरतो. देव क्षमा करतो, बायकोही करते. त्या रात्री तो शांत झोपतो. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची कडी वाजली की मुले पुस्तकात डोके घालतात, त्याच्याकडे बघत नाहीत. आणि सात वाजले की त्याचाही घसा कोरडा पडतो, पाय नाक्याकडे वळू पाहतात. आता इथे क्षमा अपुरी पडली का? मुळीच नाही. क्षमा झाली म्हणूनच तो घरात बसला आहे. पण त्या घसा कोरडा पडण्याचे आणि त्या मुलांच्या भीतीचे काय करायचे, हा प्रश्न क्षमेनंतर सुरू होतो.

इथपर्यंत लिहून मी थांबू शकलो असतो. परंतु दारुड्याचे उदाहरण देणे सोपे असते, कारण आपण दारू पीत नसतो. म्हणून माझीच गोष्ट सांगतो. सांगताना बरे वाटत नाही, पण गावात ती सर्वांना अर्धीमुर्धी माहीत आहेच.

वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांत वाडीची वाटणी झाली. मधला बांध दगडांचा होता, पावसात ढासळलेला. मी थोरला. कुंपण घालायचे काम माझ्याकडे आले, आणि खांब रोवताना मी ते दीड हात पलीकडे रोवले. अगदी ठरवून केले असेही म्हणता येत नाही आणि चुकून झाले असेही नाही. गडी माणसाने विचारले, "इथेच ना?" मी म्हणालो, "हो, इथेच." एवढेच. त्या दीड हातात नारळाची दोन झाडे होती. धाकट्याच्या ते आठवडाभराने लक्षात आले. तो बोलला, मी त्याहून जास्त बोललो, आणि त्यानंतर नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आई मध्येच गेली. तिच्या अंत्यविधीला आम्ही दोघांनी एकाच शवपेटीला खांदा दिला, पण एकमेकांकडे पाहिले नाही.

त्या नऊ वर्षांत मी दर रविवारी मिस्साला येत होतो. दर उपवासकाळात आणि नाताळापूर्वी पापनिवेदन करत होतो. आणि दर वेळी सांगत होतो, "फादर, भावावर राग धरला." फादर उपदेश करायचे, प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना द्यायचे. त्या मी बाकावर बसून मनोभावे म्हणायचो आणि भावाच्या दारावरून मान न वळवता घरी जायचो. मनात कुठेतरी वाटायचे की आपण आपले काम केले, आता राग काढून घेणे हे देवाचे काम. तो काढत नाही, त्याला मी काय करू?

मग एका उपवासकाळात बाहेरगावाहून आलेल्या एका वयस्क फादरांकडे मी गेलो. नेहमीचे वाक्य म्हटले. त्यांनी उपदेश केला नाही. एवढेच विचारले, "राग कशावरून?" मी म्हणालो, "जमिनीवरून." ते म्हणाले, "जमीन कोणाची?"

मी उत्तर दिले नाही. उत्तर मला माहीत होते. नऊ वर्षे मी रागाची कबुली देत होतो, खांबांची नाही. राग कबूल करायला सोपा असतो. त्यात आपणही थोडे दुखावलेले, थोडे बिचारे दिसतो. चोरी कबूल करताना तसे काही दिसण्याची सोय नसते. शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड सरकवणाऱ्याला पवित्र शास्त्रात शाप आहे (अनुवाद २७:१७). ते वाचन मी कधी ऐकले नव्हते असे नाही. पण ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी गावातले दुसरे कोणीतरी यायचे.

सातव्या आज्ञेबाबत ख्रिस्तसभेची शिकवण अगदी सरळ आहे. घेतलेले परत करायला हवे. लूककृत शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार आठवा (लूक १९:१-१०). आपण त्याचे झाडावर चढणे लक्षात ठेवतो, मुलांकडून त्याचे नाटुकलेही बसवून घेतो. पण त्या गोष्टीतला क्रम पाहा. प्रभू येशू आधी त्याच्या घरी जायचे ठरवतो, आणि नंतर जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट. आधी परतफेड, मग भेट, असा सौदा प्रभूने केला नाही. पण भेट झाल्यावर जक्कय नुसता गहिवरून बसला असेही झाले नाही. गहिवर आणि हिशेब एकाच घरात, एकाच दिवशी झाले.

मे महिन्यात मी खांब काढून मूळ जागी रोवले. दोन दिवस लागले. तुम्हाला वाटेल की भाऊ धावत आला असेल आणि आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो असू. तसे झाले नाही. तो त्याच्या ओट्यावर उभा राहून बघत होता, मग आत गेला. त्याचे बरोबरच होते. नऊ वर्षांच्या नारळांचे पैसे मी वहिनीच्या हाती दिले. तिने ते मोजले नाहीत आणि नकोही म्हटले नाही.

आता खरी गोष्ट. पाप कबूल झाले होते. क्षमा झाली होती. घेतलेले परत केले होते. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी वादळी वारा सुटला आणि भावाच्या वाडीतली पोसवलेली केळ अर्ध्याहून अधिक आडवी झाली. मला ती बातमी नाक्यावर कळली. आणि बंधुभगिनींनो, मला बरे वाटले. क्षणभरच. तोंडाने मी "अरेरे" म्हणालो, ते खोटे नव्हते. पण त्या "अरेरे"च्या आधी आत काहीतरी सुखावले होते, आणि ते मला स्पष्ट जाणवले.

पोराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला वाटते इथे आहे. धुवायचे हे उरलेले असते. संत ग्रेगरी महान यांनी मत्सराच्या पोटी जन्मणाऱ्या पापांमध्ये शेजाऱ्याच्या संकटाने होणारा आनंद मोजला आहे. मी त्या आनंदाला संमती दिली नव्हती, म्हणून कदाचित ते त्या क्षणी मोठे पापही नसेल. पण समजा त्याच दिवशी नाक्यावरच मला मरण आले असते, तर मी देवाचा मित्र म्हणून मेलो असतो असे मी आशेने म्हणेन, आणि तरीही माझ्या आत भावाचे नुकसान ऐकून सुखावणारी एक जागा शिल्लक असती. ती जागा घेऊन मी स्वर्गात जाऊन काय करणार? तिथे माझा भाऊ माझ्या शेजारी बसला तर मला ते सुख वाटेल की शिक्षा?

देव मला आत घेणार नाही असा प्रश्नच नाही. तो घेईल. मलाच तिथे बसवणार नाही.

पंधराव्या शतकातील एका बाईने हेच फार चांगले ओळखले होते. जिनोआची संत कॅथरीन, जन्म १४४७. सोळाव्या वर्षी घरच्यांनी लग्न लावून दिले, संसार सुखाचा नव्हता, काही वर्षे ती उदास होऊन बसली होती. १४७३ साली पापनिवेदनासाठी गुडघे टेकले असताना तिला देवाच्या प्रेमाचा असा काही अनुभव आला की तिचे आयुष्यच पालटले. पुढचे आयुष्य तिने जिनोआच्या मोठ्या इस्पितळात आजाऱ्यांची सेवा करण्यात घालवले. तिथला कारभारही सांभाळला, १४९३ च्या प्लेगमध्ये ती मागे हटली नाही. तिने शुद्धिस्थानाविषयी सांगितलेले विचार तिच्या शिष्यांनी लिहून ठेवले. ती ज्वाळांच्या तसबिरी रंगवत नाही. तिचे म्हणणे असे की स्वर्गातील आनंद सोडला तर शुद्धिस्थानातील आत्म्यांच्या आनंदाइतका दुसरा आनंद नाही. देवाला समोर पाहून आत्म्याला स्वतःवरचा गंज दिसतो, आणि तो गंज उतरावा म्हणून तो आपण होऊन त्या शुद्धीत उडी घेतो. कोणी ढकलत नाही. जसजसा गंज उतरतो तसतसा सूर्यप्रकाश आत शिरतो, आणि आनंद वाढत जातो. दुःखही असते, पण ते उशीर होत असल्याचे दुःख असते.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या आशेवरील पत्रात याच दिशेने एक पाऊल पुढे टाकले. अलीकडच्या काही धर्मपंडितांच्या मते जाळणारा आणि वाचवणारा तो अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्तच होय, असे त्यांनी तिथे मांडले आहे. त्याची नजर आपल्यावर पडते तेव्हा आपल्यातले खोटे आहे ते वितळते. हे वाचले की मला नेहमी योहानकृत शुभवर्तमानातला निखाऱ्यांचा विस्तव आठवतो. मुख्य याजकाच्या वाड्यात थंडी होती, नोकरांनी कोळसे पेटवले होते, पेत्र तिथे शेकत उभा राहिला आणि तिथेच त्याने प्रभूला तीनदा नाकारले (योहान १८). पुढे पुनरुत्थानानंतर शिष्य रात्रभर मासेमारी करून किनाऱ्याला येतात, तेव्हा किनाऱ्यावर प्रभूने पुन्हा कोळशांचाच विस्तव पेटवून ठेवलेला असतो, त्यावर मासे भाजत असतात (योहान २१). मूळ ग्रीक भाषेत कोळशाच्या विस्तवासाठीचा तो शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. पेत्राला त्या वासाने काय वाटले असेल! आणि न्याहारी झाल्यावर प्रश्नही तीनदाच. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटले, असे योहान मुद्दाम नमूद करतो.

पेत्राला क्षमा झाली नव्हती का? झाली होती. ज्याला क्षमा करायची नाही त्याच्यासाठी कोणी पहाटे उठून मासे भाजत नाही. पण जिथे तो मोडला होता त्याच विस्तवाशी त्याला पुन्हा बसावे लागले. ते दुखले. प्रभूने त्याला दुखावण्यासाठी ते केले नाही, पण दुखल्याशिवाय ते होण्यासारखेही नव्हते. आपल्या किनाऱ्यावर कोळी बांधवांना पहाटेची ती वेळ आणि तो वास वेगळा समजावून सांगायला नको.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. शुद्धी दुखते हे खरे असले तरी प्रत्येक दुखणे म्हणजे शुद्धी, असा उलटा अर्थ काढू नये. कॅन्सरने बिछान्याला खिळलेल्या माणसाच्या उशाशी जाऊन "देव तुम्हाला शुद्ध करतोय हो" असे सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. हेतू वाईट नसतो. पण तो निर्णय देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आजाऱ्याने स्वतः आपले दुःख प्रभूच्या क्रूसाशी जोडले तर तो त्याचा आणि प्रभूचा प्रश्न. आपण पाणी द्यावे, उशी सरळ करावी, आणि गप्प बसावे.

मग शुद्धीसाठी मरणाची वाट पाहायची का? नाही. जे मरणानंतर व्हायचे ते आताच सुरू झाले तर कोणाचे काय बिघडते? संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली संसारी माणसांसाठी भक्तिजीवनावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी पवित्रता म्हणजे मठात राहणाऱ्यांचे काम असा समज होता. त्यांनी लिहिले की शिपायाच्या छावणीत, कारागिराच्या दुकानात आणि लग्न झालेल्या माणसाच्या घरातही भक्ती असू शकते. त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते आत्म्याच्या शुद्धीविषयी बोलतात आणि धीर देतात की ही शुद्धी हळूहळू होते. पहाट फुटताना अंधार एकदम जात नाही, तशी. आपल्यातल्या उणिवा दिसल्या की घाबरून जाऊ नये, कारण दिसू लागल्या म्हणजे उजाडू लागले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात एक अख्खे प्रकरण याच विषयाला दिले: पवित्रतेचे पाचारण सर्वांना आहे. त्याला साठ वर्षे होऊन गेली, तरी अजून आपण एखाद्याला "संत माणूस" म्हणतो ते बहुधा तो भोळा आहे, व्यवहारात कच्चा आहे, या अर्थाने!

आपल्या वसईच्या मातीतले संत गोन्सालो गार्सिया यांचेच पाहा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रूसावर चढवले गेले, १८६२ साली त्यांना संतपद मिळाले, हे आपल्या मुलांना पाठ असते. पण फ्रान्सिस्कन संघात जाण्यापूर्वी ते व्यापार करत होते, हे किती जणांच्या लक्षात असते? मालाची मोजदाद, भाव, उधारी. क्रूसावर जाणारा माणूस त्या बाजारातूनच गेला.

पोप फ्रान्सिस २०२५ साली आपल्यातून गेले. त्यांनी २०१८ साली पवित्रतेवर एक पत्र लिहिले होते. त्यात एका बाईचे उदाहरण आहे. ती बाजारात जाते, शेजारीण भेटते, गप्पा रंगतात आणि कोणाची तरी निंदा सुरू होते. ती मनाशी ठरवते की नाही, मी कोणाविषयी वाईट बोलणार नाही. बस, एवढेच. पोप म्हणतात की हे पवित्रतेतले एक पाऊल आहे. ज्यांनी सकाळची लोकल पकडली आहे, किंवा आपल्याकडे कोणाच्या लग्नाच्या आदल्या रात्री भाजी चिरायला बसलेल्या मंडळींत अर्धा तास काढला आहे, त्यांना हे पाऊल किती अवघड आहे ते कळेल. उपवास त्याहून सोपा.

बाळ येशूची संत तेरेजा ही तर या विषयातली आपली सर्वांची शिक्षिका. चोवीस वर्षांचे आयुष्य, १८७३ ते १८९७. मठाबाहेर न पडता ती गेली, आणि १९९७ साली तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून गौरवण्यात आले. तिच्या आत्मकथेत कपडे धुण्याच्या जागेचा एक प्रसंग आहे. समोरची सिस्टर रुमाल धुताना दर वेळी घाणेरडे पाणी हिच्या तोंडावर उडवत असे. हिला वाटले, मागे सरकावे, तोंड पुसावे, म्हणजे त्या सिस्टरला कळेल. मग तिने ठरवले की तसे करायचे नाही. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, आणि हळूहळू तिला ते शिंतोडे आवडूही लागले. मला यातली गंमत अशी वाटते की तेरेजाची शुद्धी घाणेरड्या पाण्याने झाली. आपण पवित्र पाण्याची वाट पाहत बसतो.

अर्थात ही गोष्ट वाचून कोणी अन्याय गिळत बसावे असे मी म्हणणार नाही. दीड हात जमीन गेलेल्या माझ्या भावाला मी तेरेजाची गोष्ट सांगायला गेलो असतो तर तो मोठाच ढोंगीपणा झाला असता. शिंतोडे सोसायचे ते स्वतःच्या अंगावरचे. दुसऱ्याच्या अंगावर आपण उडवलेले आपण पुसायचे.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. पेत्र आधी नको म्हणतो, मग एकदम सगळे अंगच धुवून घ्यायला निघतो. तेव्हा प्रभू त्याला समजावतो की आंघोळ झालेल्या माणसाला पायांखेरीज दुसरे काही धुण्याची गरज नसते (योहान १३:१०). आपले आजे-पणजे वाडीतून दिवेलागणीला घरी यायचे तेव्हा ओट्याशी पाण्याचा हंडा भरलेला असायचा. पाय धुतल्याशिवाय कोणी आत येत नसे. सकाळी आंघोळ झालेली असे, पण दिवसभराची माती पायाला लागायचीच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते आणि ती तशीच घेऊन घरात शिरण्याचीही रीत नव्हती. बाप्तिस्मा ही आपली आंघोळ. पाय मात्र रोजचे. पूर्वी घराघरांत रात्री रोझरी व्हायची, तिच्यानंतर मोठी माणसे दोन मिनिटे स्वस्थ बसायची, तेव्हा हे पाय धुणे होत असावे. आता टीव्ही आणि मोबाईलपुढे ती दोन मिनिटे कुठे गेली कोण जाणे.

मी अलीकडे रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. आज कोणाचे वाईट ऐकून मला बरे वाटले, आणि कोणाचे चांगले ऐकून टोचले? पापांची लांबलचक यादी मी करत नाही. संत इग्नाशियस यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची शिस्त आपल्याला दिली. ते स्वतः १५२२ साली मानरेसा येथे पापांच्या शंकाकुशंकांनी इतके पछाडले होते की कबूल केलेलेच पुन्हा पुन्हा कबूल करत राहायचे आणि तरी समाधान होत नसे. यादी वाढवून शुद्धी होत नाही, हे त्यांना सोसून कळले. माझ्या एका प्रश्नाला बहुतेक रात्री काही ना काही उत्तर मिळते. कधी भावाचे नाव येते, कधी दुसऱ्या कोणाचे. नाव आले की त्याच्यासाठी एक नमो मरिया म्हणतो. पहिल्या पहिल्यांदा दात-ओठ खाऊन म्हणत असे. आता तितके खावे लागत नाहीत.

आणि मृतांसाठी प्रार्थना का, हे त्या मुलाला अजून सांगायचे राहिलेच. मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात यहूदा आपल्या मेलेल्या सैनिकांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला बलिदानासाठी पाठवतो, तेव्हापासूनची ही रीत. पोप बेनेडिक्ट यांनी त्याच पत्रात लिहिले आहे की कोणाचेही आयुष्य एकट्याचे नसते. मी केलेले चांगले-वाईट दुसऱ्याच्या आयुष्यात शिरलेले असते, त्याचे माझ्या. मग मरण आले म्हणून ते धागे एकदम कसे तुटतील? माझी आई दोन मुलांचे अबोले बघत गेली. आम्हा दोघांत कोण खरा हे तिला ठाऊक होते आणि तिने ते कधी बोलून दाखवले नाही. त्या गप्प बसण्याचे तिच्या मनावर काय ओझे होते, मला माहीत नाही. पण ते ओझे माझे होते. ते उतरवायला मी हातभार लावणार नाही तर कोण लावणार?

परवा तिच्या कबरीवर जायला मला थोडा उशीर झाला. भाऊ सकाळीच येऊन गेला होता. गवत काढलेले होते, क्रूस पुसलेला होता, आणि विटांच्या एका कडेला ताजा चुना लावलेला होता. दुसरी कड तशीच होती. बालदीत चुना शिल्लक होता, ब्रश काठावर ठेवलेला. मेणबत्त्या आणायला तो मध्येच उठून गेला होता, की ती कड माझ्यासाठी ठेवली होती, कळायला मार्ग नव्हता. मी बाही सारली आणि दुसरी कड रंगवली. मग नळावर बालदी धुतली आणि घरी जाताना त्याच्या ओट्यावर ठेवली. वहिनी आतून म्हणाली, "कोण आहे?" मी नाव सांगितले. ती म्हणाली, "चहा टाकलाय."